काजूचं कलम घरी कसं बांधायचं, आणि काड्या काळ्या का पडतात

दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच, वेंगुर्ला-7 ची टपोरी बी मिळालीय, पेरू का? नका पेरू. ही जात वेंगुर्ला-3 आणि एम 10/4 च्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात तयार झालीय, 1997 साली आली, आणि काजूत परपरागीकरण (दुसऱ्या झाडाच्या परागकणांनी फळ धरणं) होत असल्याने तिच्या बीपासून आलेलं झाड तसंच निघेल याची काही खात्री नाही. 10 ग्रॅमची बी, 30 टक्क्यांच्या आसपास गर आणि डब्ल्यू-180 चा मोठा काजू (म्हणजे एका पौंडात फार तर 180 गर) हवा असेल तर कलमच पाहिजे. वेंगुर्ला-4 पण चांगली, बी जरा लहान, साडेसात-आठ ग्रॅमची, पण गराचं प्रमाण तेवढंच.

खुंटासाठी, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधायचं त्यासाठी, गावठी बी चालते. पाण्यात टाका, तरंगेल ती फेकून द्या, बाकीची रात्रभर भिजवून देठाकडची बाजू वर ठेवून पिशवीत पेरा. दीड-दोन महिन्यांत रोप बांधायला तयार.

आता काडी, म्हणजे हव्या त्या जातीच्या झाडावरून कापून खुंटावर बसवायची फांदी. सगळे बांधण्याची पद्धत शिकवतात आणि काडीबद्दल एक ओळ सांगतात, तिथेच घात होतो. पहिल्या वर्षी मी झाडावरून छान हिरव्यागार कोवळ्या काड्या कापल्या आणि लगेच बांधल्या, पंधरा दिवसांत एकूण एक काळी पडली. माझी बांधणी बरोबर होती, काडी तयार नव्हती.

काडी घ्यायची ती उन्हात असलेल्या बाहेरच्या फांदीची, तीन ते पाच महिन्यांची, मोहोर न आलेली, पेन्सिलीएवढी जाड. पण लगेच कापायची नाही! आधी झाडावरच तिची पानं कापा, फक्त पात्याचा भाग, देठ तसेच ठेवायचे, आणि आठ-दहा दिवस थांबा. या दिवसांत शेंड्याचा डोळा (कोंब) फुगतो. मग देठाला बोटाने हलकेच टेकवून बघा, टपकन गळून पडला आणि खाली स्वच्छ व्रण दिसला की काडी तयार. देठ ओढावा लागत असेल तर अजून दोन दिवस द्या. आणि डोळा फुटून हिरवं पान बाहेर आलं असेल तर उशीर झाला, ती काडी सोडून द्या. कोणी कितीही घाई केली तरी हे आठ दिवस वाचवू नका.

काड्या सकाळी नऊच्या आत काढा, ओल्या फडक्यात गुंडाळा, त्याच दिवशी बांधा.

खुंटाची खालची दोन-चार पानं ठेवून साधारण वीतभर उंचीवर तो छाटा, मधोमध दीड-दोन इंच चीर द्या, काडीला दोन्ही बाजूंनी पाचर करून आत बसवा. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूला सालीला साल भिडलीच पाहिजे, काडी मधोमध ठेवलीत तर कुठेच जुळणार नाही. चीक सुकायच्या आत प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा, दर कापानंतर ब्लेड पुसा. वरून पेप्सीकोल्याच्या पिशवीसारखी लांब टोपी घालून सावलीत ठेवा.

दहा-पंधरा दिवसांनी टोपी काढा, तीन-चार आठवड्यांत फूट दिसते. पट्टी मात्र जोड पक्का झाल्यावर सोडवा, नाहीतर ती पुढे खोडात रुतते. आणि जोडाच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा खुडत राहा, तो गावठी आहे, दुर्लक्ष केलंत तर कलम मागे पडतं आणि तोच झाड होऊन बसतो.