डोक्याला मार लागल्यानंतर लक्ष पुन्हा कसं बसवावं

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला, सीटी स्कॅन नॉर्मल आला, टाके सुकले. तरी दहा मिनिटं पेपर वाचला की माणूस थकतो आणि टीव्ही चालू असला की समोरच्याचं बोलणं त्याच्या डोक्यात शिरत नाही. घरच्यांना हा आळस वाटतो. तो आळस नव्हे. धक्क्याने मेंदूचे दूरदूरचे भाग जोडणारे बारीक तंतू ताणले जातात आणि ही इजा सीटीत बहुधा दिसत नाही. सारख्या आवाजांत मधेच वेगळा आवाज ऐकला की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत पी-३०० नावाची लहर उठते. अशा रुग्णांत ती अनेकदा उशिरा उठते किंवा खुजी असते. त्याच कामासाठी मेंदूला जास्त राबावं लागतं, म्हणून थकवा.

पहिले २४ ते ४८ तास आराम. त्यानंतर आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहू नये, त्याने बरं होणं लांबतं.

मग मोजमाप. शांत खोलीत घड्याळ लावून वाचायला बसा. तीच ओळ पुन्हा वाचावी लागली किंवा डोकं जड झालं, की वेळ लिहा. तीन दिवसांतली सर्वांत कमी वेळ धरा आणि तिच्या पाऊणपटच काम करा: १२ मिनिटं निघाली तर ९. नंतर ५ मिनिटं डोळे मिटून विश्रांती. मोबाइल पाहणं ही विश्रांती नाही. आठवडाभर त्रास वाढला नाही तर २ मिनिटं वाढवा, वाढला तर मागच्या टप्प्यावर या. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकली जातात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात.

शांततेत जमलं की बारीक आवाजात रेडिओ लावून तेच काम करा, मग दोन कामं आलटून पालटून. एकाच वेळी दोन कामं सर्वांत शेवटी. गाडी चालवणं याच प्रकारात मोडतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चावी हातात घेऊ नका.

घरच्यांनी आधी नावाने हाक मारावी, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि उत्तरासाठी थांबावं. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, त्या विचारूनच घ्या. फिट्सची गोळी मात्र सुस्ती आली म्हणून परस्पर बंद करू नका.

डोकेदुखी वाढत चालली, वारंवार उलट्या झाल्या, फिट आली किंवा माणूस जागा होईना, तर सराव बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा.