तळ्यातलं शून्य: इकॉलॉजीसाठी संख्याशास्त्र शिकताना

संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी इकॉलॉजीच्या, म्हणजे सजीव आणि त्यांच्या परिसराच्या अभ्यासाच्या, वाटेला आलो तेव्हा वाटलं होतं, अवघड भाग उरकलाय, आता प्राण्यांची नावं तेवढी पाठ करायची. पहिल्याच सत्रात हाती आलेल्या बेडकांच्या डेटाने माझी ही घमेंड उतरवली. ६० तळी, प्रत्येक तळ्याला रात्रीच्या तीन भेटी, आवाज ऐकून केलेल्या नोंदी आणि तक्त्यात जिकडेतिकडे शून्य. मी ती शून्यं 'इथे बेडूक नाहीत' अशी धरली, लॉजिस्टिक रिग्रेशन ('आहे' की 'नाही' याच्या संभाव्यतेचा अंदाज बांधणारी पद्धत) चालवलं आणि देखणा आलेख घेऊन गेलो. मार्गदर्शकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "त्या रात्री वारा किती होता?" एवढंच विचारलं. वाऱ्याचा रकाना मी बिनकामाचा म्हणून आधीच उडवला होता!

हिशेब साधा आहे. बेडूक असलेल्या तळ्यात एका भेटीत तो आढळण्याची संभाव्यता ०.३ धरा, आणि भेटी एकमेकींवर अवलंबून नाहीत असं माना. मग तिन्ही भेटींत तो हुकण्याची संभाव्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ०.३४. बेडूक असलेल्या दर तीन तळ्यांतलं एक माझ्या वहीत रिकामं! त्यात उघड्या जागी वारा जास्त असेल आणि त्यात आवाज ऐकू येत नसेल, तर 'या बेडकांना उघडी तळी मानवत नाहीत' असा निष्कर्ष निघतो. तो खरं तर आपल्या कानांबद्दलचा निष्कर्ष असतो. २००२ पासून रूढ झालेली ऑक्युपन्सी मॉडेल्स हेच दोन प्रश्न वेगळे करतात: प्राणी तिथे आहे का, आणि असला तर दिसतो का. पण त्यासाठी एकाच जागी पुन्हा पुन्हा गेलेलं असावं लागतं. एकाच भेटीचा डेटा असेल तर हे दोन प्रश्न सुटे करणं फार कठीण जातं.

प्राण्यांची एकूण संख्या अंदाजण्याची, खूण करून पुन्हा पकडण्याची पद्धत तर पहिल्याच आठवड्यात शिकवतात. ५० उंदरांना खूण केली, नंतर ४० पकडले, त्यांतले १० खुणेचे निघाले, तर अंदाज ५० × ४० ÷ १० = २००. आता एकदा अडकलेले उंदीर पिंजऱ्याला बिचकू लागले आणि खुणेचे पाचच मिळाले, तर? उत्तर ४००. उंदीर तेवढेच, अंदाज दुप्पट. सूत्र पाठ करण्यापेक्षा ते कुठे फसतं हे स्वतः आकडे बनवून तपासा. 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेत खोटा डेटा तयार करायचा, ज्याचं खरं उत्तर आपल्याला माहीत आहे, आणि पद्धत ते परत शोधते का पाहायचं. दोन वर्षांत मी याहून उपयोगी काही शिकलो नाही.

जीवशास्त्राकडून येणाऱ्यांनी संभाव्यता आणि लाइकलिहुड (हाती आलेला डेटा एखाद्या अंदाजाशी किती जुळतो याचं माप) आधी पक्कं करावं. बेजियन पद्धती (आधीच्या माहितीत नवा डेटा मिसळून अंदाज सुधारणाऱ्या) मग आपोआप अंगवळणी पडतात. कोडिंगची धास्ती नको, तो सवयीचा भाग आहे.

प्रबंधाचा विषय घेताना डेटा आधीच गोळा झालेला असेल, तर तो कुणी आणि कसा गोळा केला हे विषयाला हो म्हणण्याआधी विचारा. एकाच तळ्याकाठच्या दहा नोंदी म्हणजे दहा तळी नव्हेत. इकॉलॉजिस्ट स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला 'सूडोरेप्लिकेशन' हे नाव दिलं, तरी ती अजून सर्रास दिसते. (माझ्या पहिल्या मसुद्यातही होती.)

आणि निदान एकदा तरी नोंदी घ्यायला स्वतः जा. दुसऱ्या वर्षी मी गेलो. अंधारात दहा मिनिटं कान देऊन बसलो आणि वहीत शून्य लिहिलं. शेजारी बसलेल्या अनुभवी सहकारिणीच्या वहीत त्याच दहा मिनिटांत चार बेडूक होते. 'निरीक्षक कोण' हा रकाना तेव्हापासून मी कधीच उडवत नाही.