पहिली नोकरी: अर्ज नेमका कुठे अडतो?

निकाल लागला की बहुतेक जण एक रेझ्युमे बनवतात आणि तोच शंभर ठिकाणी धाडतात. महिनाभर कुणी विचारलं नाही की दोनशे ठिकाणी धाडतात. पण अर्ज, फोन, मुलाखत आणि ऑफर हे चार वेगळे टप्पे आहेत आणि गाडी सहसा त्यांतल्या एकाच ठिकाणी अडलेली असते. ती जागा सापडेपर्यंत अर्जांची संख्या वाढवून फक्त दमणूक होते.

म्हणून पहिल्याच दिवशी एक तक्ता आखा. त्यात कंपनी, पद, अर्जाची तारीख, कोणता रेझ्युमे पाठवला, थेट पाठवला की ओळखीतून आणि पुढे काय झालं, एवढं पुरे. सोबत जाहिरातीचा पूर्ण मजकूर कॉपी करून ठेवाच. मुदत संपली की जाहिरात साइटवरून निघते, आणि तीन आठवड्यांनी फोन आला की त्यांनी काय मागितलं होतं तेच आठवत नाही. पंचवीसेक अर्ज झाले की तक्ता वाचायला बसा. एकही फोन नसेल तर पदाची निवड किंवा रेझ्युमे चुकतोय. फोन येतात पण मुलाखतीला बोलावत नाहीत, तर स्वतःची ओळख करून देण्यात घोळ आहे. चार-पाच मुलाखती होऊनही ऑफर नाही, तर उत्तरांची तयारी कमी पडतेय. आकडे ढोबळ आहेत, पण दुरुस्ती कुठे करायची ते त्यांतून दिसतं.

आधी पद ठरवा

‘मिळेल ते काम करेन’ असं म्हणणाऱ्याला कोणत्या कामासाठी घ्यायचं हे समोरच्यालाही कळत नाही. दोन, फार तर तीन पदं निवडा. प्रत्येक पदाच्या पंधरा जाहिराती जमवा आणि कोणतं कौशल्य किती जाहिरातींत मागितलंय ते मोजा. दहा-बारा ठिकाणी येणारं कौशल्य यायलाच हवं. दोन ठिकाणी येणाऱ्याच्या मागे तूर्त लागू नका. जाहिरातीतली यादी बऱ्याचदा लिहिणाऱ्याची हौस असते, त्यामुळे निम्म्याहून जास्त गोष्टी जमत असतील तर अर्ज करा. ‘एक वर्षाचा अनुभव’ मागितला असेल आणि तुमच्याकडे इंटर्नशिप असेल, तरीही करा. ‘पाच वर्षं’ असेल तर सोडून द्या. आणि जिथे कायद्यानेच परवाना किंवा ठरावीक पदवी लागते, तिथे ही सूट चालत नाही.

रेझ्युमे

फ्रेशरला एक पान पुरतं. वर नाव, फोन आणि ईमेल, मग शिक्षण, मग प्रकल्प आणि इंटर्नशिप, शेवटी कौशल्यं. ‘आव्हानात्मक संधीच्या शोधात’ छापाचं ध्येयवाक्य काढून टाका. त्याने कुणाचंच काही कळत नाही.

खरी मेहनत प्रकल्पांच्या ओळींवर घ्यायची. ‘महोत्सवाच्या आयोजनात सक्रिय सहभाग’ ही ओळ कुणीही लिहू शकतो. ‘तीन दिवसांच्या महोत्सवात ४० स्वयंसेवकांचं वेळापत्रक केलं, आयत्या वेळी गैरहजर राहणाऱ्यांसाठी बदली यादी ठेवली’ हे ज्याने केलं तोच लिहू शकतो. प्रत्येक ओळीत काय केलं, कशाने केलं आणि त्यातून काय झालं, हे यायला हवं. गटाचा प्रकल्प असेल तर त्यात तुमचा वाटा कोणता ते स्पष्ट लिहा, कारण मुलाखतीत तेच विचारलं जातं.

अनेक मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्यातली माहिती आपल्या रकान्यांत भरतं. सजवलेले साचे इथे दगा देतात: दोन रकान्यांचा मजकूर एकमेकांत मिसळतो, टेक्स्ट बॉक्समधला मजकूर किंवा हेडरमध्ये लिहिलेला फोन नंबर कधी कधी गायबच होतो. तपासणी सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे क्रम नीट दिसला तर सहसा सॉफ्टवेअरलाही तो नीट वाचता येतो. काहीच निवडता येत नसेल, तर तुमची फाइल म्हणजे नुसतं चित्र आहे.

प्रत्येक अर्जाआधी पंधरा-वीस मिनिटं द्या. जाहिरातीत ‘डेटा विश्लेषण’ म्हटलं असेल आणि तुम्ही तेच काम ‘माहितीचा अभ्यास’ म्हणून लिहिलं असेल, तर त्यांचा शब्द घ्या. त्या पदाला लागू पडणारा प्रकल्प वर आणा. न येणारी गोष्ट मात्र लिहू नका. फाइलला नाव, आडनाव आणि पद असं नाव द्या. ‘रेझ्युमे फायनल नवीन २’ या नावाने ती समोरच्याच्या संगणकावर हरवते.

ओळख म्हणजे वशिला नव्हे

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं की नव्या संधींची खबर बऱ्याचदा जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून येते. कारण साधं आहे: जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही फार घट्ट नसलेल्या ओळखीच नोकरी बदलायला जास्त उपयोगी ठरल्या.

तेव्हा तुमच्याच विभागातून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या सीनियरना शोधा. ‘सर, जॉब असेल तर सांगा’ या संदेशाला उत्तर काय द्यायचं, हे त्यांनाही सुचत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘नमस्कार, मी आपल्याच विभागातून यंदा पदवी घेतली. आपण चाचणी विभागात काम करता असं दिसलं. त्याच कामासाठी मी अर्ज करतोय. फ्रेशरकडून पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय अपेक्षित असतं, याबद्दल पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’ उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करा, मग सोडून द्या. बोलणं झालं की शेवटी ‘अजून कुणाशी बोलू?’ हे जरूर विचारा. रेफरलचा, म्हणजे आपल्या कंपनीत तुमचं नाव सुचवण्याचा, विषय बऱ्याचदा तेच काढतात.

मुलाखत

‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर नव्वद सेकंदांत बसवा: काय शिकलात, कोणतं काम केलंत आणि हे पद का हवंय. घरची माहिती आणि छंद यांची गरज नाही. बाकी प्रश्नांसाठी पाच-सहा खरे प्रसंग तयार ठेवा: अडलेलं काम, झालेली चूक, गटातला मतभेद, कमी वेळात शिकलेली गोष्ट. प्रत्येक प्रसंगात परिस्थिती दोन वाक्यांत उरका आणि जास्तीत जास्त वेळ ‘मी काय केलं’ याला द्या. उलटं होतं म्हणून उत्तरं लांबतात. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. दोन मिनिटांच्या वर गेलं तर कापा.

रेझ्युमेतल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो. एखादं सॉफ्टवेअर एकदाच उघडलं असेल तर ते यादीत नको. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि ते कसं शोधाल ते मोठ्याने मांडा. फ्रेशरच्या बाबतीत बऱ्याचदा तेच पाहायचं असतं. तुमची पाळी आली की विचारा: ‘पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षित आहे? काम कोण तपासेल?’

ऑफर

तोंडी होकारावर बाकीचे अर्ज थांबवू नका. लेखी पत्रात या गोष्टी शोधा: ठरलेला पगार किती आणि कामगिरीवर अवलंबून किती, कपात होऊन हातात किती येणार, प्रोबेशन (कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ), नोटीस पिरियड (नोकरी सोडण्याआधी द्यायची मुदत), कामाचं ठिकाण. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल तेही पाहा. विचार करायला दोन-तीन दिवस मागण्यात काही गैर नाही. नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या नावाखाली आधी पैसे मागितले तर ती फसवणूक समजा आणि तिथेच थांबा. मुलाखतीशिवाय आलेलं ऑफर लेटरही त्याच जातीचं.

रुजू झाल्यावर

अडलात तर अर्धा तास स्वतः धडपडा, मग काय काय करून पाहिलं ते सांगून विचारा. एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची वेळ येऊ नये म्हणून उत्तर लिहून ठेवा. आणि दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून त्या आठवड्यात केलेल्या कामाच्या तीन ओळी आकड्यांसह नोंदवा, कंपनीची गोपनीय माहिती वगळून. पुढचा रेझ्युमे लिहायला बसाल तेव्हा त्या ओळी तयार असतील.