टपावरचा स्पॉटलाइट बदलताय? या चुका टाळा

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, टपावर स्पॉटलाइट लावायचा म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) घेऊ? दुसरा: उजेड किती लांब पडतो? टपाला पडणाऱ्या भोकाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. वर्षभराने त्याच लोकांचा फोन येतो तेव्हा लुमेनचा विषयच नसतो. कपाटावरची प्लाय का फुगली, एवढंच विचारायचं असतं.

जुना दिवा काढून नवा बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, कबूल. पण ते अर्ध्या तासात उरकणाऱ्यांच्या गाड्याच माझ्याकडे परत येतात. मी स्वतः टप साफ करायला एक दिवस, बसवायला एक दिवस आणि सीलंट सुकायला वर दोन दिवस धरतो. उद्या सकाळी सहलीला निघायचंय म्हणून आज संध्याकाळी दिवा बसवून द्या म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. जुना दिवा बंद तर बंद, तसेच जा.

सिलिकॉनवर सिलिकॉन

ही माझी खास नावडती चूक, कारण ती मी स्वतः केलेली आहे.

माझ्या पहिल्या गाडीला पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्याच्या बरोबर वर, दोन दिवे होते. डाव्यात पाणी शिरून तो गेला म्हणून बदलायला घेतला. जुन्या सिलिकॉनची कड ब्लेडने वरवर खरवडली, नव्या दिव्याच्या पायाखाली ट्यूब पिळली, ओल्या बोटाने छान गोल कड फिरवली. इतकं सुबक दिसत होतं की फोटो काढला.

चार महिन्यांनी कपाटात कुबट वास यायला लागला. कपाट दिव्यापासून पावणेदोन मीटर मागे आणि त्याच्या बरोबर वर स्कायलाइट. म्हणजे गुन्हेगार सापडलाच. स्कायलाइट उचकटून पुन्हा सील केला. वास तसाच. परत केला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तेही दोनदा.

शेवटी एका पावसाळी रात्री आतलं अस्तर उघडून टॉर्च घेऊन बसलो. दिव्याच्या मागच्या स्क्रूच्या टोकाशी थेंब जमत होता. तो खाली पडत नव्हता. शेजारच्या लाकडी पट्टीला लागायचा आणि गाडी जरा मागे कललेली असल्यामुळे पट्टीच्या कडेकडेने चालत जायचा. कपाटावर जिथे पट्टी संपत होती, तिथे टपकायचा. सकाळी वर चढून तो स्क्रू नुसत्या बोटांनी फिरवला तर हातात आला. त्याच्या आट्यांना लागून लाकूड आलं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. दिव्याच्या एका पायापायी दीड फूट पट्टी आणि प्लायचा एक तुकडा बदलावा लागला.

कारण साधं आहे. नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला नीट धरत नाही. डोळ्यांना न दिसणारा थर मागे राहिला तरी त्यावर नवी कड नुसती टेकलेली असते, चिकटलेली नसते. गाडी हलते, टप उन्हात ताणतो, रात्री आकसतो, आणि केसाएवढी फट पडते. पाण्याला तेवढी पुरते. त्यातून व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन असेल तर ते सुकताना ॲसिड सोडतं आणि स्क्रू, ब्रॅकेट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांना खातं. ती ट्यूब बाथरूमला ठेवा.

आता माझी पद्धत. जुना दिवा काढताना स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. फायबरग्लासवरचा गुळगुळीत थर टवका होऊन निघतो आणि मग ते वेगळंच दुखणं. हेअर ड्रायरने पाया कोमट करायचा, मासेमारीची नायलॉनची दोरी पायाखाली घालून करवतीसारखी मागेपुढे ओढायची. पाया आपोआप सुटतो. उरलेला थर प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा, मग अंगठ्याने घासून घासून गोळ्या काढायच्या. कंटाळवाणं काम आहे, त्याला इलाज नाही. त्यानंतर टपाला चालेल अशा क्लीनरने पुसायचं. टप रबराचा असेल तर पेट्रोल, थिनर, रॉकेल जवळपाससुद्धा नको. टपाला वापरतात ते ईपीडीएम नावाचं रबर त्याने फुगतं.

झालं का साफ? त्या जागेवर पाणी शिंपडून बघा. पाणी सपाट पसरलं तर साफ. मोत्यासारखे थेंब होऊन बसलं तर सिलिकॉन अजून तिथेच आहे, परत घासायला लागा.

पायाखाली मी ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावतो. ती कधी कडक होत नाही, म्हणून टपाबरोबर हलते. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. आळीपाळीने थोडे थोडे, टेप कडेने बाहेर डोकावेपर्यंत. दोन दिवसांनी पुन्हा अर्धा फेरा. बाहेर आलेली टेप कापून मग कडेवरून पॉलियुरेथेन सीलंट, टप रबराचा असेल तर त्याच रबरासाठी बनवलेलं. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणावर सुकतं, चोवीस तासांत साधारण तीन मिलिमीटर. वरून साय धरली म्हणजे आत सुकलं असं नव्हे.

आणि जुन्या भोकात जुन्यापेक्षा जाड स्क्रू घालून आटे पकडवायचा जुगाड नको. या टपांमध्ये पातळ पत्रा, मधे फोम, खाली प्लाय असा थर असतो. फोममध्ये गेलेला स्क्रू काहीही धरत नाही. भोक मोठं करा, आतला फोम थोडा खरवडा, इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) भरा, सुकू द्या, मग त्यात नवं भोक पाडा. ड्रिलच्या बिटला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा. एकाने थेट आतल्या दिव्याच्या वायरीत भोक पाडलं होतं आणि वर मलाच विचारत होता, ठिणगी कशाची उडाली.

काचेच्या आत धुकं दिसलं की सगळीकडून सील करणं

दिव्याच्या काचेत आतून वाफ दिसली की माणूस ट्यूब घेऊन वर चढतो आणि दिसेल ते छिद्र बुजवतो. त्यातलं एक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं.

दिवा पेटला की आतली हवा तापते. समजा 70 अंशांवर गेली, आणि मग पावसाच्या सरीने दिवा 20 अंशांवर आला. आतली हवा जवळपास सातव्या भागाने आकसू पाहते, आणि दिवा बाहेरून काहीतरी ओढून घेतो. श्वासाचं छिद्र उघडं असेल तर हवा ओढतो. ते बुजवलं असेल तर जिथे सर्वांत कमकुवत जागा तिथून ओढतो, म्हणजे बहुतेक वेळा वायर जिथून आत जाते तिथून. आणि तिथे पाणी साचलेलं असतं. म्हणजे सील करून तुम्ही दिव्याचा पंप केलात.

एलईडी दिव्यात हे छिद्र मागे छोट्या गोल पडद्याचं असतं. हवा जाते, पाणी जात नाही. त्याला हात लावू नका. जुन्या हॅलोजनमध्ये खाली निचऱ्याचं भोक असतं. हा दिवा ब्रॅकेटला उलटा टांगला की तेच भोक वर येतं आणि पाऊस थेट आत. मी असे तीन दिवे पाहिलेत, तिन्ही मालक कंपनीला शिव्या घालत होते.

सकाळी थोडी वाफ दिसून दिवा लावल्यावर दहा मिनिटांत गेली तर काही करू नका. तळाशी पाणी डुचमळत असेल तर मात्र दिवा गेला. ड्रायरने सुकवून महिनाभर ढकलाल, फार तर.

आणि डब्यावर आयपी 67 लिहिलंय म्हणून प्रेशर वॉशर मारू नका. आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. जोराच्या फवाऱ्याची परीक्षा वेगळी असते.

दिवा पेटत नाही म्हणून दिवा बदलणं

मंद झाला, लुकलुकतो, कधी लागतो कधी नाही, की लोक नवा दिवा मागवतात. नवाही तसाच लुकलुकतो. मग दोन्ही दिवे निकृष्ट ठरतात.

मीटर घ्या. पण दिवा सोडवून मोकळ्या वायरीवर व्होल्टेज मोजलंत तर मीटर तुम्हाला फसवणार. मला एकाने मोठ्या खात्रीने सांगितलं होतं, "वायर ठणठणीत आहे, 12.6 दाखवतेय." मी त्याच वायरीला 55 वॅटचा जुना बल्ब जोडला आणि परत मोजलं. चार व्होल्ट. टपावर काळ्या टेपने गुंडाळलेला एक जोड होता. टेप सोडली तर पाण्याचे दोन थेंब गळले आणि तांब्याच्या जागी हिरवट पूड. एकच तार कशीबशी जोडलेली. मीटरला तेवढी पुरते, दिव्याला नाही. तेव्हा मोजायचं ते दिवा जोडलेला आणि चालू असताना, दिव्याच्याच टोकांवर. आधी प्लस ते मायनस, मग बॅटरीचा मायनस ते दिव्याचा मायनस. या दुसऱ्या मापात अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं तर दोष अर्थिंगच्या, म्हणजे मायनसच्या, बाजूला आहे.

अर्थिंगबद्दल एक खास मोटरहोमची गोष्ट. साध्या गाडीच्या सवयीने लोक मायनस वायर टपाच्या स्क्रूला आवळतात. पण राहत्या भागाचा टप फायबरग्लासचा असतो, किंवा ॲल्युमिनियमचा असला तरी लाकडी सांगाड्यावर चिकटवलेला. चासीशी त्याचा काही संबंध नाही. मायनसची वेगळी वायर खाली न्यावीच लागते.

ती वायर किती जाड, यावर वाद घालणाऱ्यांसाठी हिशेब. 120 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर 10 अँपिअर घेतो. बॅटरीपासून टपापर्यंत सात मीटर धरा, जाऊन येऊन चौदा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत सुमारे 1.6 व्होल्ट वाटेतच जातात. चार चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे 0.6. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी पडतो. बरेच एलईडी उजेड तेवढाच ठेवतात, पण कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढून वायर आणखी तापवतात. मी चार चौरसची वायर टाकतो आणि विषय संपवतो.

रिले लावा, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पायांवर आकडे असतात: 30 वर फ्यूजमधून बॅटरी, 87 वर दिवा, 85 आणि 86 ला स्विचची बारीक वायर. सगळा करंट डॅशबोर्डवरच्या नाजूक स्विचमधून नेणाऱ्यांचे स्विच वितळलेले पाहिलेत.

बाकीच्या, एकेका ओळीत

फ्यूज उडतो म्हणून 15 अँपिअरचा निळा काढून 30 चा हिरवा घालू नका; फ्यूज वायरीला वाचवायला असतो, दिव्याला नाही. आणि तो बॅटरीजवळ हवा, दिव्याजवळ नको.

वायर टपात शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाला गळतं, आत जात नाही. वायरीचं तोंड गाडीच्या मागच्या दिशेला.

वायरीला चावा घेऊन जोड देणाऱ्या त्या निळ्या क्लिपा टपावर वापरू नका. क्रिम्प केलेली (दाबून बसवलेली) थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी श्रिंक नळी.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लागलं तर स्पिरिटने पुसा. बोटाचं तेल तिथे तापतं आणि काच तिथूनच जाते.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालू नका. फिलामेंटच्या जागेवर रिफ्लेक्टर बेतलेला असतो. उजेड पांढरा दिसतो आणि सगळीकडे विस्कटतो.

रिमोटने फिरणारा दिवा हाताने फिरवू नका. आतले दाते बहुतेकदा प्लास्टिकचे असतात.

सोलर पॅनलवर दिव्याची सावली पडते का, ते भोक पाडण्याआधी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बघा. एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा चार्जिंग बरंच खाली आणते.

स्विचला लाल इंडिकेटर असू द्या. टपावरचा दिवा दिवसा चालू राहिला तर ड्रायव्हरला कळत नाही. 10 अँपिअरने सात तासांत 70 अँपिअर-अवर संपतात. आणि हा दिवा सार्वजनिक रस्त्यावर लावायचा नाही किंवा झाकून ठेवायचा, असे नियम बऱ्याच ठिकाणी आहेत. आपल्याकडचा बघून घ्या.

सगळं सुकलं की आतलं अस्तर बसवायच्या आधी पाण्याची परीक्षा. एकाने वर साध्या नळीने, जोर न लावता, आधी खालच्या कडेवर, मग हळूहळू वर असं पंधरा मिनिटं पाणी सोडायचं. दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं, स्क्रूंच्या टोकांवर टिश्यू पेपर दाबून. कागदावर ठिपका उमटला तर सगळं परत काढायचं, वरून लिंपायचं नाही. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. पडू दे.

आणि उतरण्याआधी दिव्याच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत टेपने उंची मोजा. जुन्या दिव्यापेक्षा नवा आठ सेंटिमीटर उंच निघू शकतो. नवा आकडा ड्रायव्हरसमोरच्या सनव्हायझरवर जाड पेनाने लिहा, आणि त्याखालचा जुना आकडा खोडा.