जुनी लक्झरी एसयूव्ही घेताना या चुका टाळा

2016 साली ऑन-रोड 80 लाखांच्या पुढे गेलेली ऑडी क्यू7 आज जवळपास टॉप मॉडेल क्रेटाच्या पैशांत मिळते. बीएमडब्ल्यू एक्स5, मर्सिडीजची एमएल, लँड रोव्हरची डिस्कव्हरी, सगळ्यांचं तेच. मोह होणारच, आणि त्यात गैर काही नाही. या गाड्या चालवायला खरोखर सुरेख आहेत. पण भाव गाडीचा उतरतो, पार्टचा नाही. एक हेडलाइट, सस्पेन्शनचा एक स्ट्रट, गिअरबॉक्सचं काम, सगळ्यांचे दर 80 लाखांच्या गाडीचेच राहतात. सगळी जमापुंजी खरेदीतच घालवणं ही पहिली चूक. किमतीच्या किमान 15 टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर खालच्या बजेटची गाडी बघा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गरम इंजिनवर ट्रायल घेऊ नका

विकणाऱ्या पार्टीला फोनवरच सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं, तर ट्रायल दुसऱ्या दिवशी सकाळी.

कारण टायमिंग चेन (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करवणारी साखळी) सैल झाली असेल, तर तिची खडखड थंड इंजिन सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत जास्त ऐकू येते. 2007 ते 2011च्या काळातल्या बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेल इंजिनात ही चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. सुरुवातीच्या एक्स1मध्ये हेच इंजिन. ऑडीच्या तीन लिटर डिझेलचीही चेन मागेच. म्हणजे चेन बदलायची तर गिअरबॉक्स किंवा आख्खं इंजिन उतरवावं लागतं. मर्सिडीजच्या व्ही6 डिझेलमध्ये (एमएल 350, जीएल 350) दुखणं वेगळं: ऑइल कूलरची सील दोन्ही सिलिंडर रांगांच्या मधल्या खोबणीत बसलेली असतात, ती कडक होतात आणि ऑइल झिरपू लागतं. सील स्वस्त आहे, तिथवर पोचायची मजुरी महाग. गाडी लिफ्टवर घेऊन इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे खालून टॉर्च मारून बघा.

एअर सस्पेन्शन: रात्रभर उभी असलेली गाडी बघा

यातल्या बऱ्याच गाड्या लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या स्प्रिंगवर उभ्या असतात, ती हवा एक कंप्रेसर भरतो. थंड इंजिनासाठी सकाळी गेलातच, तर हेही काम त्याच वेळी होतं. गाडी सुरू करण्याआधी चारही चाकांवरची फट बघा. टायर आणि मडगार्डची कड यांच्यात बोटं घालून मोजा. एखादा कोपरा बसलेला असेल, तर त्या बाजूची एअर स्प्रिंग किंवा तिचा व्हॉल्व्ह हवा सोडतोय. मग इंजिन सुरू करून गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर न्या आणि कंप्रेसरचा आवाज ऐका. वर जायला फार वेळ लागत असेल, कंप्रेसर सारखा चालू-बंद होत असेल, तर तो गळतीची भरपाई करता करता थकलेला असतो. नुसता कंप्रेसर बदलून मूळ गळती तशीच ठेवली, तर नवाही लवकर जातो. काही जण एअर स्प्रिंग काढून साध्या कॉइल स्प्रिंग टाकतात आणि डॅशबोर्डवरचा इशारा सॉफ्टवेअरने बंद करतात. उंचीचं बटण दाबूनही गाडी हलली नाही, तर हा संशय घ्या.

टायरकडे नुसती नक्षी बघून पुढे जाऊ नका. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे एका कंपनीचे नवे आणि मागे दुसऱ्याचे झिजलेले टायर असतील, तर चाकांचे घेर जुळत नाहीत आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर) सतत ताण येतो. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्ह या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये हे नुकसान हमखास दिसतं. डिकीत चाकाच्या लॉक-बोल्टचा (चोरी टाळणाऱ्या खास बोल्टचा) अडॅप्टर आहे का, हेही बघा. तो नसेल तर पंक्चरच्या दिवशी चाकच उतरत नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ असतं, कधी बदलावं लागत नाही, हे कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि बिल मागा. एक्स5, क्यू7, रेंज रोव्हर अशा कितीतरी गाड्यांचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

साध्या स्कॅनरवर भागवू नका

गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारा, बाजारात मिळणारा छोटा स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे एरर दाखवतो. सस्पेन्शन, एअरबॅग, गिअरबॉक्सची मॉड्यूल (त्यांचे छोटे कॉम्प्युटर) वाचायला त्या ब्रँडचं सॉफ्टवेअर असलेलं गॅरेज गाठा. एरर कोड काल पुसलेले असू शकतात. म्हणून कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले, तेही वाचायला सांगा. मीटर मागे घेतला असला, तरी अनेक गाड्यांत किलोमीटरची नोंद इतर मॉड्यूलमध्येही असते, बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत तर चावीतही. आकडे जुळले नाहीत, तर व्यवहार तिथेच सोडा. दोन्ही चाव्या मागायच्या त्या याही कारणासाठी.

पुराची गाडी ओळखताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शोरूममध्ये वरचा भाग धुतात. रीळाजवळच्या पट्ट्यावर गढूळ रेषा राहून जाते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, गालिच्याखालचा फोम दाबून बघा. 2019 आणि 2021चे सांगली-कोल्हापूरचे पूर, जुलै 2021चं चिपळूण, डिसेंबर 2023चं चेन्नई आठवा. पूर नसतानाही गालिचा ओला असेल, तर पॅनोरामिक सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबलेल्या असू शकतात, आणि काही गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल याच गालिच्याखाली असतात.

कागदांची घाई

दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते लागू करायला सांगितलं. त्यामुळे दिल्ली पासिंगच्या डिझेल एसयूव्ही पुण्या-मुंबईच्या बाजारात स्वस्तात येऊ लागल्या. स्वस्ताईचा हिशेब करताना तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं धरा. कराचा नेमका आकडा टोकन देण्याआधी आपल्या आरटीओतून काढा, एजंटच्या तोंडी अंदाजावर जाऊ नका.

या गटातल्या पुष्कळ गाड्या कंपनीच्या नावावर आणि कर्जावर असतात. मालक म्हणून समोर बसलेल्या माणसाला सही करायचा अधिकार आहे का, त्याचं कंपनीचं पत्र मागा. कर्ज फिटलं असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. अर्धी रक्कम रोख मागितली तर नाही म्हणा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने 2017 पासून बंदी आहे.

विम्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आधीच्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून तुमचा हप्ता त्याच्या पॉलिसीवरच्या आकड्यापेक्षा जास्त बसू शकतो. पॉलिसी स्वतःच्या नावावर करायचा अर्ज व्यवहारापासून 14 दिवसांत द्या. ते राहिलं आणि गाडी ठोकली गेली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.