शेजारच्या खोदकामाने घराला तडे गेले? या चुका टाळा

शेजारच्या प्लॉटवर जेसीबी आला आणि आठ-दहा दिवसांत आपल्या भिंतीवर तिरका तडा उमटला, की बहुतेक जण आधी गवंड्याला हाक मारतात. तो तडा सिमेंटने बुजवतो, वर रंगाचा हात फिरवतो. तडा कधी पडला, किती रुंद होता, वाढत होता की नाही, हे सांगणारी एकमेव खूण त्या दिवशी संपते. शिवाय खालची माती अजून सरकत असेल तर पहिल्या पावसात तोच तडा पुन्हा उघडतो.

खड्डा किती जवळ आहे, हे न मोजणे

गोव्यातल्या जुन्या चिरेबंदी घरांचा पाया बहुधा उथळ असतो, तोही मातीत किंवा चुन्यात बसवलेला. नव्या इमारतीचा खड्डा त्याहून खोल जातो. अशा वेळी एक साधा हिशेब करा. तुमचा पाया ०.७५ मीटर खोल आणि शेजारचा खड्डा २.५ मीटर असेल तर फरक १.७५ मीटर. खड्ड्याची कड तुमच्या पायापासून निदान तेवढी लांब हवी. त्याहून जवळ खणायचे असेल तर कडेला आधार द्यावा लागतो, किंवा एका वेळी दीड मीटरचा तुकडा खणून, तो बांधून, मग पुढचा घ्यावा लागतो. कळंगुट-बाणावलीसारख्या किनारपट्टीच्या रेताड जमिनीत हे अंतरही पुरत नाही. तिथे खड्ड्यातले पाणी पंपाने उपसताना बारीक रेतीही सोबत निघते आणि तुमच्या पायाखाली पोकळी तयार होते. पंपाचे पाणी गढूळ येत असेल तर त्याचा व्हिडिओ लगेच काढून ठेवा.

मे महिन्यात पावसाआधी खणून ठेवलेला आणि जूनमध्ये तसाच उघडा राहिलेला खड्डा सगळ्यात वाईट. त्यात पाणी साचले की कड ढासळते. म्हणून पंधरा मेपूर्वीच लेखी मागणी करा: कड भरून घ्या, नाहीतर रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) पूर्ण करा.

प्रत्येक तड्याचे खापर शेजाऱ्यावर फोडणे

तक्रार टिकायची असेल तर तडे वाचता आले पाहिजेत. गिलाव्यावर जाळीसारखे बारीक तडे असतील तर ते गिलाव्याचेच. जुने घर आणि नंतर जोडलेली खोली यांच्या सांध्यातली उभी भेग दोन पाये वेगवेगळे बसल्यामुळेही पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून चिऱ्यांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा आणि वर जास्त रुंद असलेला तडा मात्र त्या बाजूचा पाया खचल्याचे लक्षण असतो. हातोडीने गिलावा हलकेच ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर फक्त गिलावा सुटलेला असू शकतो.

दार अडकायला लागले, हा पुरावा पावसाळ्यात कच्चा ठरतो, कारण लाकूड फुगते. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, तारीख लिहा, दर आठवड्याला पुन्हा मोजा. फुगलेल्या लाकडाने दार घासेल, पण एक कर्ण वाढत आणि दुसरा कमी होत असेल तर चौकटच वाकडी होते आहे.

नुसते फोटो काढून थांबणे

तड्यावर काचेची पट्टी चिकटवण्याची पद्धत जुनी आहे. काच फुटली की हालचाल झाली हे कळते, किती झाली ते कळत नाही. त्याऐवजी तड्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून सुमारे १०० मिलिमीटरवर दोन स्क्रू पक्के बसवा. दर आठवड्याला, सकाळी एकाच वेळी, डिजिटल व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या साधनाने) अंतर मोजून वहीत टिपा. दुपारच्या उन्हात भिंत तापून आकडा बदलतो, म्हणून वेळ पाळायची. तड्याच्या दोन टोकांना पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख लिहा. दोन मिलिमीटरपेक्षा रुंद तडा रुंद समजतात. भिंतीला पोट आले असेल किंवा कौलांचा आढा खाली बसला असेल तर मोजत बसू नका. खोली रिकामी करा, टेकू लावा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला त्याच दिवशी बोलवा.

मूळ फोटो ज्या फोनमध्ये काढले त्याच फोनमध्ये ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीत फोटोची मूळ माहिती राहत नाही. आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. शेजारच्या पाडकामात तुमची कौले फुटली असतील तर तीही मोजून ठेवा. मंगळुरी कौले एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात, त्यावरून मागणीचा आकडा पटवून देता येतो.

पंचायतीकडून भरपाईची वाट पाहणे

यात फार लोकांचे महिने वाया जातात, म्हणून स्पष्ट लिहितो. परवान्याशिवाय किंवा मंजूर नकाशाबाहेर काम चालले असेल तर पंचायत, शहरात नगरपालिका, हीच जागा. गोवा पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली पंचायत हलली नाही तर पंचायत उपसंचालकांकडे जाता येते. परवान्याची आणि मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा. पण नुकसानीचे पैसे पंचायत देववत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय. खोदकाम चालूच असेल तर तिथे तात्पुरती मनाई मागता येते आणि जागेची पाहणी करायला न्यायालयातर्फे कमिशनर नेमण्याचा अर्जही करता येतो. इमारत कोसळून लोकांना इजा होण्याची भीती असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे. तो अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे.

वकिलाकडे जाण्याआधी शेजाऱ्याला त्याचा इंजिनियर घेऊन यायला सांगा आणि संयुक्त पाहणीच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. रागाने दार बंद करू नका. त्याच्या माणसाने तुमचा तडा पाहून सही केली, यासारखा कागद नाही.

विमा आहे म्हणून निर्धास्त राहणे

१ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या भारत गृह रक्षा पॉलिसीत जमीन खचण्याचे संरक्षण आहे, मात्र बांधकाम, पाडकाम किंवा खोदकामामुळे जमीन खचली असेल तर ते लागू होत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या कंत्राटदाराकडे कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी, म्हणजे बांधकामाच्या कामाचा विमा, मागा. त्यात हादऱ्यांमुळे आणि आधार निघाल्यामुळे शेजारच्या मालमत्तेचे होणारे नुकसान बहुधा वेगळी जोड घेतल्याशिवाय धरत नाहीत. ती जोड घेतली आहे का ते वाचून पाहा, काम सुरू होण्याआधी.

पावसाआधी हिशेब मिटवणे

'सर्व दावे संपले' अशा पावतीवर मे महिन्यात सही करू नका. पैसे घ्या, पण पावतीत 'आजच्या तारखेला दिसणाऱ्या, सोबतच्या यादीतील नुकसानीपुरते' असे लिहून घ्या. स्क्रूमधले अंतर एक अख्खा पावसाळा आणि पुढचा उन्हाळा स्थिर राहिले की मगच कायमची दुरुस्ती. तोवर पाणी आत येऊ नये एवढेच करा.

दुरुस्ती करताना तडकलेला चिरा काढून, तड्याच्या दोन्ही बाजूंना पुरेल असा नवा चिरा बसवून घ्या. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत सिमेंटचा कडक मसाला भरू नका. त्यामागे ओल अडकते आणि शेजारचा मऊ चिरा झिजायला लागतो. चुना एक भाग, वाळू तीन भाग हा मसाला भिंतीशी जुळतो. फक्त सुकायला वेळ द्या, आणि गिलावा शेवटी करा.