हिवाळाभर उभ्या ट्रॅक्टरचं ऑइल बदलताना या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास हरभरा पेरून झाला की आमच्याकडे यवतमाळ भागात कोरडवाहूवाल्याचा ट्रॅक्टर जवळपास उभाच राहते, तुरीच्या थ्रेशरला दोन-चार दिवस लागला तं लागला. मग पऱ्हाट्या उपटल्या की एकदम पल्टी नांगर लावायची घाई, अन् इंजिन ऑइल बदलायचं विचारलं तं उत्तर ठरलेलं, "अजून 250 तास कुठं झाले भाऊ!"

पहिली चूक हीच, अन् माझ्या मते सगळ्यात महागाची. इंजिन किती तास चाललं ते मीटरवर दिसते, महिने दिसत नाहीत. आपल्याकडे थंडीत रात्री पारा 10 अंशापर्यंत उतरते अन् दुपारी 28-30 होते, म्हणजे चेंबरमधल्या (इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या टाकीतल्या) हवेचा ओलावा रोज पहाटे गार लोखंडावर पाणी होऊन बसते अन् ऑइलमध्ये उतरते. डिझेल जळल्याची आम्लं जुन्या ऑइलमध्ये असतातच, त्यात हे पाणी मिसळलं की बेअरिंग हळूहळू खाल्ले जातात. म्हणून कंपनीचं पुस्तक उघडून पाहा, बहुतेक वेळा तासासोबत महिन्याची मुदतही दिलेली असते, जे आधी भरलं ते धरायचं.

याच्यात अजून भर म्हणजे काही जण दर आठवड्याला ट्रॅक्टर दोन मिनिटं चालू करून, दोन रेस मारून बंद करतात, बॅटरी उतरू नये म्हणून. इंजिन गरमच होत नाही तं पाणी उडणार कसं? उलट वाढते. चालू करायचा तं शेतापर्यंत चक्कर मारून आणा, नाही तं बॅटरीची तार काढून ठेवा.

आता खोलायच्या आधी गेज, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून पाहा. ऑइल काळं आहे म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात नवं ऑइलही थोड्याच तासात काळं पडते. पण दूध टाकलेल्या चहासारखं दिसलं तं सेल्फ मारूच नका, रेडिएटरचं पाणी हेड गॅस्केटमधून नाही तं लायनरच्या रबरी रिंगमधून आत आलेलं असू शकते, मिस्त्रीला बोलवा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलं अन् डिझेलचा वास येते, तं पंप-नोझल तपासा. हे न पाहता नवं ऑइल टाकलं तं तेही वाया.

गेज ठीक असेल तं दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन गरम करा, बंद करा, सपाट जागी लावून मग चेंबरखालचा ऑइल काढायचा नट खोला. थंड्या इंजिनाचं ऑइल काढलं की गाळ खालीच राहते. हात भाजणार नाही एवढं थांबा मात्र. अन् चेंबर डिझेलनं "धुवायची" सवय सोडा, थोडं डिझेल आत राहतेच अन् नवं ऑइल पातळ करते.

फिल्टरची चूक मी स्वतः केली आहे. जुना फिल्टर निघाला पण त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली, मला दिसली नाही, त्याच्यावर नवा फिल्टर बसवला. चालू केला तशी बाजूनं धारच लागली, बाबा कोठ्यातून ओरडले "बंद कर रे!" तोवर अर्धा डबा ऑइल अंगणात अन् कोंबड्यांच्या पायाचे काळे ठसे थेट ओसरीपर्यंत, आई दोन दिवस बोलली नाही. तेव्हापासून बसायची जागा कापडानं पुसून बोटानं चाचपून पाहतो, नव्या रिंगला ऑइलचं बोट लावतो, टेकला की हातानंच पाऊण फेरा, पान्हा नाही. नटचा वायसर चपटा झाला असेल तं नवा घ्या, दहा-वीस रुपयांसाठी ऑइल गळू देऊ नका.

ऑइल पुस्तकात लिहिलं तेच, जास्त करून 15डब्ल्यू-40 नाही तं 20डब्ल्यू-40 (हा ऑइलच्या घट्ट-पातळपणाचा नंबर). डब्यावर सीएफ-4, सीएच-4, सीआय-4 असं "सी" वालं, म्हणजे डिझेल इंजिनाचं पाहिजे, मोटरसायकलचं उरलेलं टाकू नका. गेजच्या दोन खुणांच्या मध्ये भरा, वर नको, जास्त झालं की क्रँक ते घुसळते, फेस येते अन् दाब पडते. भरल्यावर स्टॉपची दांडी ओढून पाच-दहा सेकंद दोन-तीनदा सेल्फ मारा, ऑइल वर चढू द्या, मग चालू करा, ऑइलच्या दाबाची लाईट विझेपर्यंत रेस नाही. दहा मिनिटांनी बंद करून परत गेज पाहा.

ऑइलवाला एअर क्लीनर असेल तं त्याची वाटीही त्याच दिवशी साफ करा, नांगरटीची काळी धूळ तिथंच अडते. जुनं ऑइल नाल्यात नको, थोडं बंडीच्या आखाला लागते, बाकीचं कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या.

रात्री चेंबरखाली खताचं रिकामं पोतं पसरून ठेवायचं. सकाळी त्याच्यावर ठिपका दिसला तं नांगर जोडायच्या आधी नट अन् फिल्टर परत पाहायचे.